सुपडू मापाड्याची शीग

नंदुरबारच्या बाजारात तीस वर्षं ज्याच्या मापाबद्दल कुणी ब्र काढला नाही, त्या सुपडूला मापापायीच कामावरून हाकललं. त्याने कुणाचं काही कमी केलं नव्हतं. त्याने जास्त टाकलं होतं, आणि तेही रोज, मन लावून. बाजारात ही गोष्ट निघाली की आजही चार जण खो खो हसतात. हसणाऱ्यांनी हसावं, पण आधी सगळं नीट ऐकून घ्यावं आणि मग हसायची हिंमत उरली तर हसावं.

सुपडू तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्या आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा आजीने त्याला सुपड्यात घालून शेजारणीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि परक्याचं पोर म्हणून परत उचलून आणला. नाव तेच पडलं. बापाची शेती बरी होती. खळ्यावर दादर ज्वारी निघाली की मजूर, सुतार, न्हावी, सगळे आपापला वाटा न्यायला यायचे आणि बाप पायलीने मोजून द्यायचा. पायली काठोकाठ भरली की वर दाण्यांचा जो ढीग राहतो ती शीग. ती बोटाने पाडून सपाट माप देणारा माणूस बापाच्या लेखी चोराहून हलका. नऊ वर्षांच्या सुपडूने एकदा गंमत म्हणून कमलीबाई नावाच्या डोंगरातून आलेल्या मजूर बाईच्या मापावरून बोट फिरवलं. बापाने त्याच्या डोक्यावर तीन पायल्या दादर दिली, तिच्या झोपडीपर्यंत चालत पाठवला आणि तिच्या पाया पडायला लावलं. त्या दिवसापासून पोराच्या हाताने सपाट माप म्हणून कधी दिलं नाही.

जमीन तीन भावांत वाटली गेली तेव्हा सुपडू नंदुरबारला आला आणि बाजार समितीत मापाडी झाला. छातीवर पितळी बिल्ला, खांद्यावर पंचा. पोत्याचं वजन झालं की वर एक मूठ टाकायची ही तिथली रीत. इतर मापाडी आपला माणूस पाहून कुणाला चिमूट तर कुणाला ओंजळ टाकत. सुपडू सगळ्यांना मूठच टाकी. ती मूठ इतकी सारखी की व्यापारी पैजा लावून ती तोलून बघत, आणि दर वेळी तेवढीच भरे. अशा माणसाचं बाजारात कौतुक होतं आणि तेवढ्यावरच ते थांबतं. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. आकडा पडद्यावर दिसायला लागल्यावर सुपडूच्या हाताकडे बघायचं कुणालाच कारण उरलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो घरी बसला. घरात बायको वत्सलाबाई आणि उशिरा झालेली एकुलती लेक रुचिका. ती शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती.

त्याच सुमारास हेमकांतने शहराबाहेर लॅब काढली. हेमकांत तापीकाठचाच, सुपडूच्या गावापासून दोन गावं सोडून, वयाने त्याच्या निम्मा. मिरची परदेशी पाठवायची तर तिच्यात बुरशीचं विष किती आहे याचा दाखला लागतो. पूर्वी नमुने मुंबईला जात आणि आठ-आठ दिवस दाखल्याची वाट बघावी लागे. हेमकांतने मोठं यंत्र आणलं आणि दोन दिवसांत दाखला द्यायला सुरुवात केली. मिरची दळायला मात्र माणूस टिकेना. आलेले दोन दिवसांत डोळे सुजून पळ काढत. सुपडूचा जन्म मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर, तिच्या खकाण्यात गेलेला. तो आला आणि टिकला. हेमकांतने गावाकडचा माणूस म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि सुपडूला तेवढंही पुष्कळ झालं.

लॅबमधलं खरं काम बघायची प्रतिभा. शहाद्याची, पस्तिशीची, नवरा आजारी, दोन पोरं, जीभ गोड. ती सुपडूला आबा म्हणायची. त्याचा हात न थरथरता चालतो हे तिने दोन आठवड्यांत हेरलं आणि नमुने तयार करायचं काम त्याच्यावर सोपवलं. त्यातला सगळ्यात नाजूक भाग होता एका इवल्याशा बाटलीतलं औषध दर नमुन्यात टाकायचा. परदेशातून बर्फात येणारी ती बाटली लॅबमधल्या सगळ्यांच्या पगारापेक्षा महाग.

ते कशाला टाकायचं हे प्रतिभाने त्याला एकदा समजावून सांगितलं होतं. बाटलीत तेच विष असतं जे बुरशी तयार करते, फक्त कारखान्यात बनवलेलं आणि त्यातला कार्बन जरा जड. आयसोटोप म्हणतात त्याला. बाकी सगळ्या गुणांनी ते मूळ विषासारखंच, पण यंत्राला दोघांतला वजनाचा फरक ओळखू येतो. आता मिरचीतून विष काढायचं म्हणजे घुसळा, गाळा, आटवा, आणि प्रत्येक पायरीवर थोडं हरवणार. वर मिरचीचा रंग आणि तिखटपणा यंत्रालाही गोंधळवणार. म्हणून सुरुवातीलाच मोजून खुणेचं विष टाकायचं. रानात भटकणाऱ्या शेळ्या किती हे कळत नसेल तर त्यांच्यात आपल्या पन्नास खुणेच्या शेळ्या सोडाव्यात आणि कळप परतला की खुणेच्या किती आल्या ते बघावं. खुणेच्या जेवढ्या हरवल्या त्याच प्रमाणात रानच्याही हरवल्या असणार. सुपडूला हे लगेच पटलं. तो त्या औषधाला खुणेचं म्हणायला लागला आणि मग सगळेच म्हणायला लागले.

हे समजावताना प्रतिभा एक वाक्य बोलून गेली. पन्नास मायक्रोलिटर टाकायचं, कमी पडता कामा नये. जास्तीचं ती काही बोललीच नाही, कारण सोन्याच्या भावाचं औषध कुणी जास्त टाकेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसावं. शेतकऱ्याच्या खळ्यावर ती कधी उभी राहिलेली नव्हती.

पिपेट नावाचं ते पिचकारीसारखं यंत्र अंगठ्याने दाबायचं असतं. दाबताना अंगठा एका जागी अडतो, तो पहिला थांबा. तिथपर्यंत दाबून ओढलं की बरोबर पन्नास येतं. आणखी जोर दिला की दुसरा थांबा लागतो, तो नळीत उरलेला थेंब झटकण्यापुरता. सुपडूच्या अंगठ्याला पहिल्याच दिवशी कळलं की दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढलं तर नळीत जरा जास्त चढतं. त्याला तो जरासा जास्तीचा भाग बघून बरं वाटलं. महिनाभर तो रोज दहा-वीस नमुन्यांत मोजून, तोलून, मनात बापाचं नाव घेऊन शीग लावत होता. पन्नासाच्या जागी साठ पडत होतं. हात इतका सच्चा की कधी एकसष्ट नाही आणि कधी एकोणसाठ नाही.

आता यात पाप काय ते सांगायला हवं. खुणेच्या साठ शेळ्या सोडल्या आणि तीस परतल्या तर निम्म्या हरवल्या. रानच्या सहा परतल्या असतील तर मुळात त्या बारा. पण यंत्राला सांगून ठेवलेलं पन्नास. पन्नासातल्या तीस परतल्या असं धरलं की रानच्या मुळात दहाच ठरतात. परदेशी जाणाऱ्या मिरचीला दहापर्यंतच मुभा. बाराची मिरची दहाची होऊन पास होत होती. सुपडू जितकं मन मोठं करून खुणेचं टाकी, तितकं विष कागदावर कमी होई.

पुढचा भाग सुपडूला फार उशिरा कळला, पण इथे आधीच सांगितलेला बरा. तीनशे नमुन्यांना पुरायची बाटली अडीचशेतच संपली, तेव्हा प्रतिभा सावध झाली. तिने यंत्राच्या पडद्यावर जुने आलेख उघडून पाहिले. सुपडूने केलेल्या प्रत्येक नमुन्यात खुणेच्या विषाची रेघ एक पंचमांशाने उंच होती. ती हेमकांतच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. हेमकांतने एकच विचारलं, याने आकडा कमी दिसतो की जास्त. प्रतिभा म्हणाली, कमी. त्या महिनाभरात त्याच्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांची संख्या दुप्पट झाली होती; हेमकांतच्या लॅबमध्ये माल पास होतो अशी वार्ता दोंडाईच्यापर्यंत गेली होती.

"मग नवी बाटली मागवा," तो म्हणाला.

प्रतिभाने मूग गिळले. आजारी नवऱ्याची बायको मूग गिळते हे समजण्यासारखं आहे, पण गिळलेले मूग दुसऱ्याच्या पोटात दुखतात हेही तिला समजायला हवं होतं. हेमकांतने मात्र त्या दिवसापासून सुपडूची बढती केली. दहाच्या काठावरचा सगळा माल सुपडूआबाच तयार करणार, असा हुकूम निघाला. दर नमुन्याच्या कागदावर, तयार करणारा म्हणून, सुपडूची सही घ्यायची असंही ठरलं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीला त्याला शाल दिली आणि सगळ्या लॅबसमोर सांगितलं की असा हात जिल्ह्यात दुसरा नाही. सुपडू घरी येऊन वत्सलाबाईला म्हणाला की बाजाराने तीस वर्षांत जे दिलं नाही ते या पोराने दोन वर्षांत दिलं. सही करायला तो मोठ्या अभिमानाने शिकला होता. प्रत्येक अक्षर कोरून काढी.

त्यानंतरच्या ऐन फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडला आणि पथाऱ्यांवर पसरलेली मिरची दोन दिवस भिजून पडली. वरून वाळली तरी आतून बुरशी धरली. मुंबईच्या लॅबा धडाधड माल नापास करत होत्या. हेमकांतच्या दारात गाड्यांची रांग लागली. प्रेमचंद नावाच्या व्यापाऱ्याची मोठी खेप त्यातच पास झाली आणि जहाजावर चढली. सहा आठवड्यांनी परदेशी बंदरावर पुन्हा तपासणी झाली आणि अख्खा कंटेनर परत आला. सोबत पत्र आलं की दाखला देणाऱ्या लॅबची चौकशी व्हावी.

परत आलेल्या मिरचीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. प्रेमचंदने ती नंदुरबारातच दळली आणि सुटी भुकटी तळोदा, अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात पोहोचली. डोंगरातून उतरणाऱ्या बायांनी ती मापाने घेतली. परदेशी माणसाच्या पोटाची काळजी घ्यायला दहाची हद्द होती. त्यांच्या पोटाची हद्द कुणी मोजली नव्हती.

चौकशीला मुंबईहून दोन माणसं येणार म्हटल्यावर हेमकांतची पाचावर धारण बसली. एक दिवसच बसली. दुसऱ्या दिवशी त्याने सुपडूच्या सह्यांचे कागद गठ्ठा करून टेबलावर ठेवले आणि सुपडूला बोलावून सांगितलं की पाहुणे तुमचं काम बघायला येत आहेत, धुतलेले कपडे घालून या. सुपडूला वाटलं की शालीचीच ही पुढची पायरी. त्याने वत्सलाबाईकडून टोपी कडक करून घेतली.

त्या सकाळी बेसिनजवळ हात धुताना त्याने प्रतिभाला विचारलं की पाहुण्यांसमोर काही वेगळं करायचं असतं का. ती नळाकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं, पहिल्या थांब्यावर थांबा एवढं. दारात हेमकांत उभा होता.

"रोज करता तसंच करा, आबा," ती म्हणाली आणि नळ बंद करून निघून गेली.

मुंबईच्या माणसांनी नाजूक काट्यावर काचेची वाटी ठेवली आणि सुपडूला सांगितलं की यात पन्नास पाणी टाका, असं दहा वेळा. एवढ्या लांबून आलेली माणसं, वर मालकाची इज्जत. सुपडूने अंगठा दुसऱ्या थांब्यापर्यंत नेला, नळी वर धरून शीग नीट चढली ना ते पाहिलं आणि वाटीत सोडलं. साठ. पुन्हा साठ. दहाच्या दहा वेळा साठ. मुंबईकरांपैकी जो वयाने मोठा होता तो काट्याकडे आणि सुपडूच्या अंगठ्याकडे आळीपाळीने बघत राहिला आणि म्हणाला की वीस वर्षांत असा हात पाहिला नाही. मग त्यांनी सुपडूला विचारलं की तुम्ही सुरुवातीपासून असंच टाकता का. तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून, एकदाही चुकलो नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली सही मागितली. सुपडूने ती कोरून काढली.

संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी गेला. मुंबईच्या साहेबांनी हाताची तारीफ केली म्हणून गल्लीत पाच घरी पेढे वाटले. पेढे खाणाऱ्या पाचही घरांनी आठवड्यात त्याच्या घराकडे बघायचं बंद केलं.

चौथ्या दिवशी हेमकांतने त्याला दारातच थांबवला. लॅबचं काही चुकलं नाही, यंत्र ठीक आहे, एका कर्मचाऱ्याने जाणूनबुजून खुणेचं जास्त टाकून माल पास केला, असा अहवाल झाला होता. कर्मचाऱ्याचा कबुलीजबाब सहीसकट जोडला होता. लॅबला समज देऊन सोडलं, कर्मचाऱ्याला काढायला सांगितलं आणि त्याचा हेतू तपासावा असं लिहिलं. सुपडूला यातलं निम्मं कळलं. जे कळलं ते ऐकून त्याने चौकट धरली.

"भाऊ, मी कोनं काहीच लिधं नही," घेतल्याचा आळ झटकत तो म्हणाला. "मी त दिधं. दर टाइमले थोडं जास्तीच दिधं."

"तेच त लिखेल शे कागदवर," हेमकांत म्हणाला. "जास्ती दिधं."

आत प्रतिभा पडद्यासमोर बसली होती. सुपडूने तिच्याकडे पाहिलं. तिने पाठ वळवली नाही, मानही वर केली नाही. यंत्राचा आवाज चालू होता आणि ती कुठलातरी आकडा वहीत लिहीत होती. शिपायाने सुपडूचा डबा आणि चपला आणून त्याच्या हातात दिल्या.

पुढचे दिवस फार वाईट गेले. हेतू म्हणजे काय हे बाजाराला सांगावं लागत नाही. सुपडूने पैसे खाल्ले हे एका दिवसात पथाऱ्यांपर्यंत पोहोचलं. प्रेमचंदने काखा वर केल्या. आपण एक छदाम दिला नाही, बाकीच्यांनी दिला असेल तर माहीत नाही, असं तो चहाच्या टपरीवर मोठ्याने सांगायचा. ज्यांच्या पोत्यांवर सुपडूने तीस वर्षं सारखी मूठ टाकली तेच आता म्हणायचे की तेव्हाही त्या मुठीत काहीतरी असणार, नाहीतर माणूस इतका सारखा कसा मोजेल. सच्चेपणाचाच पुरावा लोकांनी चोरीचा पुरावा करून टाकला. वत्सलाबाई पिठाच्या गिरणीवर गेली की बाया आपापलं पीठ पुन्हा तोलून घ्यायच्या, तिला ऐकू जाईल अशा हसत.

सुपडूची सगळी भिस्त इंद्रसिंगवर होती. इंद्रसिंग हमाल, तीस वर्षं सुपडूच्या काट्यावर पोती चढवलेला, एका ताटात जेवलेला. जगाने काही म्हणो, त्याला आपला हात माहीत आहे असं सुपडू घरात दिवसातून चारदा बोलून दाखवी. एका दुपारी इंद्रसिंग घरी आला. चहा प्याला, पावसापाण्याचं बोलला, वत्सलाबाई आत गेल्याची खात्री केली आणि सुपडूजवळ सरकला.

"आते कोनी नही शे. माले तरी खरं सांग, सुपडू," तो म्हणाला. "कितलं भेटनं?"

सुपडूने त्याचा रिकामा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. इंद्रसिंग रागावून उठला; एवढ्या जुन्या मित्रापासून लपवतो म्हणून त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्या दिवसानंतर सुपडू ओट्यावर बसेनासा झाला. वत्सलाबाई पाण्याचा तांब्या भरून द्यायची तर तो आधी त्यातलं थोडं ओतून द्यायचा आणि मग हातात घ्यायचा. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला तर तो सुरीने सपाट करायचा. बाईने एकदा रडत विचारलं की हे काय चालवलंय. तो म्हणाला की वर काही राहायला नको.

पावसाळ्याच्या तोंडी हेमकांत स्वतः घरी आला. पायातल्या चपला बाहेर काढून आला, वत्सलाबाईच्या पाया पडला. म्हणाला की जे झालं त्याला माझा इलाज नव्हता, पण आबांचं घर उघड्यावर पडलेलं मला बघवत नाही. रुचिका बी.एस्सी. झाली आहे, तिला आबांच्या जागी घेतो. वत्सलाबाईने देवापुढे साखर ठेवली. सुपडू भिंतीकडे तोंड करून पडून होता. तो नाही म्हणाला नाही. घरात खायला हवं होतं, आणि आपलीच जागा लेकीला मिळते म्हणजे आपला गुन्हा तितका मोठा नसावा असंही त्याच्या मनात येऊन गेलं. माणसाचं मन कुठेही आधार शोधतं.

रुचिका हुशार पोरगी. पहिल्याच आठवड्यात तिने बापाला समजावलं की नेमकं काय झालं होतं. शेळ्यांचा हिशेब तिने जमिनीवर खडूने मांडून दाखवला, साठ सोडल्या, तीस आल्या, सहा आल्या. बाटली लवकर संपल्याचं, प्रतिभा हेमकांतच्या खोलीत गेल्याचं, नवी बाटली मागवल्याचं तिने लॅबमधल्या जुन्या माणसांकडून ऐकलं होतं, तेही सांगितलं. सुपडू खडूच्या आकड्यांकडे बघत बसला. दोन वर्षं त्या लोकांना माहीत होतं, आणि दोन वर्षं ते त्याला शाली देत होते. त्याने फडकं घेऊन आकडे पुसले आणि रुचिकाला म्हणाला की तू पहिल्या थांब्यावर थांब. बरोबर पन्नास. तिने मान हलवली. तेवढे चार आठवडे त्या घरात कुणीतरी ताठ मानेने जेवत होतं.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी ती जेवायच्या सुट्टीत घरी आली. चेहरा उतरलेला. पर्समधून फडक्यात गुंडाळलेलं पिपेट काढून तिने बापासमोर ठेवलं. माल नापास होत होता. व्यापारी पुन्हा मुंबईला नमुने पाठवायला लागले होते. हेमकांतने तिला खोलीत बोलावून दार लावलं होतं.

"तो सांगस, आबा टाकेत तसंच टाक," ती म्हणाली. "माले नही जमत. कधी पंचावन्न येस, कधी पासष्ट. दखाडा माले."

सुपडूने पिपेट तिच्याकडे परत सरकवलं.

"पन्नासच टाक," तो म्हणाला.

"मंग मी उद्यापासून घर. नि तुम्हनी फाइल पोलिसकडे." तिचा आवाज कोरडा होता. "तसंच सांगं त्यानी. फाइल अजून बंद नही शे म्हने."

आतून वत्सलाबाईच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला. ती दारात येऊन उभी राहिली, पिठाचे हात तसेच. सुपडूने आधी बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे. मग वाटीभर पाणी मागितलं.

त्याने पिपेट उचललं. अडीच-तीन महिन्यांत हात विसरला नव्हता. लेकीचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरून त्याने पहिला थांबा दाखवला आणि तिथून पुढे किती जोर द्यायचा, कुठे क्षणभर थांबायचं, नळी वर धरून काय बघायचं, सगळं सावकाश शिकवलं. बापाने त्याला खळ्यावर शिकवलं होतं तितकंच मन लावून. चार वेळा चुकलं. पाचव्या वेळी तिचा अंगठा बरोबर तेवढाच उतरला आणि सुपडूला ते न तोलता कळलं. साठ. त्याला स्वतःचीच किळस आली, तरी त्याने तिला आणखी तीनदा करायला लावलं, तीनही वेळा सारखं येईपर्यंत. मग तिचा हात सोडला.

"एक ध्यानमा ठेव," तो म्हणाला. "त्या कागदवर सही करू नको. कोनीबी सांगो."

रुचिका वाटीतल्या पाण्याकडे बघत होती.

"सही त त्यानी पहिलाच दिन लिधी, आबा," ती म्हणाली. "कोऱ्या कागदस्ना आख्खा गठ्ठावर."

तिने पिपेट पुन्हा हातात घेतलं आणि अंगठा वर ठेवला. दोनच्या आत तिला कामावर परत जायचं होतं.